स्लॅबची तारीख कोण ठरवतो?

४ जानेवारी २०१४ रोजी काणकोणात, चावडी येथे, बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत कोसळली आणि किमान ३१ माणसे ढिगाऱ्याखाली मेली. मेलेल्यांत बहुतेक जण त्याच इमारतीवर राबणारे कामगार होते, पोटासाठी गोव्याबाहेरून आलेले. पावसाचे दिवस नव्हते, वादळ नव्हते, भूकंप झाला नव्हता. त्या प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट असते, कमरेला पट्टा असता, पायांत जाड तळाचे बूट असते, तरी त्या दुपारी काहीही बदलले नसते. बांधकामावरच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपले बोलणे नेमके या तीन वस्तूंपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. फलक लागतात, हेल्मेटे वाटली जातात, छायाचित्र निघते. या वस्तू निरुपयोगी आहेत असे कोणीच म्हणणार नाही. वरून पडणारी वीट किंवा सळीचा तुकडा हेल्मेटच अडवते. पण कामगाराचा जीव ज्या निर्णयांवर अवलंबून असतो, त्यांतले बहुतेक निर्णय तो साइटवर पाऊल ठेवण्याआधी झालेले असतात. ते दुसऱ्या कोणीतरी घेतलेले असतात, आणि ते तारखांचे व पैशांचे असतात. स्लॅब कधी भरायचा, सेंटरिंग कधी उतरवायचे, डोंगर कोणत्या महिन्यात कापायचा, खड्ड्याला आधार द्यायचा की नाही, कामगारांच्या झोपड्या कुठे घालायच्या: अपघात टळणार की होणार, हे मुख्यतः इथे ठरते. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांकडे पाहिले की हे फार स्पष्ट दिसते.

पेडण्यात गेल्या काही वर्षांत जेवढे बांधकाम झाले तेवढे त्याआधी क्वचितच झाले असेल. मोपाच्या सड्यावरच्या विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, ५ जानेवारी २०२३ पासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी राहिली. पत्रादेवीपासून पुढे राष्ट्रीय महामार्ग ६६ चौपदरी झाला. मोरजी, मांद्रे, हरमलच्या पट्ट्यात हॉटेले आणि बंगले एकाला लागून एक चढत आहेत. डिचोलीत खाणींच्या बरोबरीने चिरेखाणी, नवी घरे, रस्त्यांची आणि पाइपलाइनची कामे चालतात. या सगळ्या कामांना इथले ऋतू आणि इथले सण तारखा नेमून देतात. जूनआधी छप्पर झाले पाहिजे, चवथीला गणपती नव्या घरात बसला पाहिजे, ऑक्टोबरात पर्यटक येण्याआधी खोल्या तयार हव्यात. या तारखांत गैर काही नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा वेळ कमी पडतो आणि तो भरून काढण्यासाठी काँक्रीटच्या आणि मातीच्या वाट्याचे दिवस कापले जातात.

काँक्रीटचे उदाहरण आधी घेऊ, कारण त्यात हिशेब अगदी सरळ आहे. एक हजार चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब भरला तर त्यात सुमारे २९ टन ओले काँक्रीट पडते. भरण्याच्या दिवशी त्या २९ टनांत स्वतःला तोलून धरण्याची ताकद मुळीच नसते. सगळा भार खालच्या फळ्यांवर, प्लेटांवर आणि टेकूंवर असतो. त्यातच वर पंधरा-वीस माणसे, घमेली आणि व्हायब्रेटरची थरथर. एखाद्या साइटवर स्लॅबच्या आदल्या दिवशी खाली वाकून पाहावे. लाकडी बल्ली उंचीला कमी पडली म्हणून तिच्याखाली विटेचे दोन तुकडे सरकवलेले असतात, वर पाचर ठोकलेली असते, आणि वीट टेकलेली असते भरावाच्या सैल मातीवर. रात्री पाऊस झाला किंवा क्युरिंगचे पाणी तिथे मुरले की माती बसते, वीट कलते, पाचर सुटते. त्या टेकूचा भार शेजारच्या टेकूवर जातो, त्याला तो झेपत नाही, आणि मग एकेक करत सगळी रांग बसते. स्लॅब बहुधा भरताभरताच कोसळतात याचे कारण हे आहे. टेकूखाली रुंद फळी, माती आधी धुमसून घट्ट केलेली, टेकूंना दोन्ही दिशांनी आडवे-तिरपे बांध, हे सगळे करायला एक दिवस जास्त लागतो. तो दिवस कोणाच्या हिशेबात धरलेला नसतो.

दुसरा धोका सेंटरिंग उतरवण्याचा. भारतीय मानक ४५६, म्हणजे काँक्रीटच्या कामाची आपली मूळ संहिता, याबाबत स्पष्ट आकडे देते. स्तंभ, भिंती यांच्या उभ्या बाजूंचा साचा १६ ते २४ तासांनी काढता येतो. स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान ७ दिवस राहिले पाहिजेत, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. तुळईखालचे टेकू सहा मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस. हे आकडे साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी आणि नेहमीच्या हवामानासाठी आहेत. बाजारात आज सर्रास मिळणारे राखमिश्रित सिमेंट सुरुवातीला हळू ताकद धरते, म्हणून त्यासाठी मुदत वाढवावी लागते. शिवाय वरचा मजला भरायचा असेल तर त्याचा ताजा भार खालच्या कोवळ्या स्लॅबवर येतो, म्हणून खालच्या मजल्याचेही टेकू ठेवावे लागतात. आता ठेकेदाराच्या बाजूने पाहा. प्लेटा आणि प्रॉप भाड्याचे असतात, किंवा त्याच्या मालकीचे असले तरी दुसऱ्या साइटवर त्यांची वाट पाहिली जात असते. प्रत्येक दिवस पैशांत मोजला जातो. सेंटरिंग चौथ्या दिवशी उतरवा असा हुकूम येतो तेव्हा खाली उभा राहून पहार मारणाऱ्या बिगाऱ्याला ना सिमेंटचा प्रकार ठाऊक असतो, ना गाळ्याची लांबी. त्याने ‘काळजी’ घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे?

सुरक्षिततेला आधीच पैसे आणि जागा दिली तर काय साधते, आणि न दिल्यास काय होते, या दोन्ही गोष्टी एकाच कामावर जगाने पाहिल्या आहेत. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३० च्या दशकात बांधला गेला, तेव्हा मोठ्या पुलावर दर दहा लाख डॉलरमागे एक माणूस मरणार असे बांधकाम व्यवसायात गृहीतच धरले जाई. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाखाली सबंध लांबीचे जाळे बांधून घेतले. खर्च मोठा होता, पण जाळ्यात पडून १९ माणसे वाचली. नंतर १७ फेब्रुवारी १९३७ रोजी काँक्रीटचे साचे काढण्यासाठी लटकवलेला मचाण सुटला, जाळे फाडून खाली गेला आणि १० माणसे मेली. ती माणसे पडली तेव्हा काम होते साचे उतरवण्याचे. जाळे होते, तरी त्या एका मचाणाची जोडणी कच्ची राहिली आणि जाळ्याला तो भार पेलला नाही. शेवटचे संरक्षण कितीही चांगले असो, आधीच्या चुकीची भरपाई ते ठरावीक मर्यादेपर्यंतच करते.

मातीची गोष्ट पेडण्याइतकी चांगली क्वचितच कुठे शिकायला मिळेल. कोकण रेल्वे बांधताना सगळ्यांत छळले ते कठीण काळ्या खडकाने नाही. मऊ मातीतून जाणाऱ्या नऊ बोगद्यांनी अभियंत्यांची परीक्षा पाहिली, आणि त्यांत पेडण्याचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा सर्वांत हट्टी निघाला. खणावे आणि ओल्या मातीने पुन्हा भरून यावे, असे तिथे वारंवार झाले. २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला, त्याआधी शेवटपर्यंत अडून राहिलेले काम हेच. या मार्गाच्या बांधकामात एकूण ७४ जणांचा जीव गेला, त्यांतले १९ एकट्या मऊ मातीच्या बोगद्यांत. रत्नागिरीला त्यांचे स्मारक आहे. पुढेही हा डोंगर स्वस्थ बसलेला नाही: ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याच्या भिंतीचा भाग ढासळला, जुलै २०२४ मध्ये तळातून पाणी उसळले, आणि दोन्ही वेळा गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या. त्याच पावसाळ्यात मालपे येथे महामार्गासाठी कापलेल्या डोंगराची कड आणि तिला लावलेली भिंत खचली.

कारण जमिनीच्या घडणीत आहे. आपल्या सड्यांवर वर जांभा असतो, कोरडा, खडबडीत, चिरे काढण्याइतका घट्ट. त्याच्याखाली बहुतेक ठिकाणी पांढरट-पिवळट, गुलाबी छटेची चिकण माती असते, खडक कुजून तयार झालेली. एप्रिलमध्ये ती उभी कापली तर भिंतीसारखी उभी राहते. मातीच्या कणांमधली किंचित ओल त्यांना एकमेकांकडे ओढून धरते, म्हणून तिच्यात बळ आहे असे वाटते. जांभ्यातून झिरपलेले पाणी तिथे पोचले, कणांमधली जागा भरली, की ही ओढ नाहीशी होते आणि तीच भिंत काही क्षणांत बसते. ‘इथे आम्ही वर्षानुवर्षे असेच खणतो, काही होत नाही’ हा साइटवर हमखास ऐकू येणारा युक्तिवाद इथे फसतो. तो अनुभव कोरड्या मातीचा असतो. खणलेला खड्डा चार दिवस उभा राहिला म्हणून पाचव्या दिवशी अधिक भरवशाचा होत नाही, उलट दिवसागणिक तो धोक्याकडे सरकत असतो.

म्हणून खणकामाचे भारतीय मानक सांगते, की मातीतला चर दीड मीटरपेक्षा खोल असेल तर त्याच्या बाजूंना आधार द्यावा किंवा त्या उतरत्या कराव्यात, आणि काढलेली माती काठापासून दूर टाकावी. दीड मीटर म्हणजे उभ्या माणसाच्या हनुवटीइतके. पाइपलाइनचा किंवा पायाचा चर पाहिला तर काय दिसते? माती अगदी काठाला रचलेली, कारण पुन्हा भरायला ती जवळ हवी. तिच्या पलीकडे टिप्पर उभा, त्याचे इंजिन चालू. आणि काठाला समांतर, केसासारखी बारीक एक भेग. ती भेग म्हणजे कड सुटू लागल्याची खूण. एक घनमीटर ओली माती पावणेदोन ते दोन टन भरते. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचे तोंड मोकळे असले तरी छाती फुगवायला जागा उरत नाही, आणि काही मिनिटांत तो गुदमरतो. अशा वेळी सोबती उडी टाकतात, त्यांच्या वजनाने आणि हालचालीने दुसरी कड येते, आणि एकाचे दोन होतात. डिचोलीकरांना या बाबतीत नवे काही शिकवायचे नाही. उघड्या खाणीत माती, मुरूम किंवा चिकण मातीची कड ४५ अंशांहून उभी नसावी, किंवा पायऱ्या काढाव्यात आणि पायरीची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नसावी, रुंदी उंचीहून कमी नसावी, असा नियम १९६१ पासून आहे. खाणीत उतरण्याआधी प्रशिक्षण सक्तीचे आहे, आणि वर प्रमाणपत्रधारक व्यवस्थापक लागतो. खाणीच्या कुंपणापलीकडे त्याच जातीच्या मातीत, तितक्याच खोल चरात उतरणाऱ्या मजुराला मात्र यांतले काहीच मिळत नाही. तालुक्यात हे ज्ञान साठ वर्षे आहे, पण रस्ता ओलांडून ते पलीकडे गेलेले नाही.

झोपड्यांचाही इथेच विचार करावा लागतो. २९ जून २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला पावसात संरक्षक भिंत पडून तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या झोपड्यांत झोपलेली १५ माणसे मेली. बांधकाम मजूर आणि त्यांची कुटुंबे. त्यांत लहान मुले होती. कामाची वेळही नव्हती ती. डोंगर कापून सपाट केलेल्या जागी सर्वांत रिकामा कोपरा असतो तो कापलेल्या कडेच्या खालचा, आणि मजुरांना तोच दिला जातो. पेडण्याच्या उतारांवर जूनच्या सुरुवातीला हा कोपरा रिकामा करणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त जीव वाचवणारे काम आहे.

उंचीवरून पडण्याबद्दल एकच गैरसमज दूर केला तरी पुष्कळ. ‘पट्टा दिला आहे, बांधत नाहीत’ असे म्हटले जाते. तीन मीटरवरून पडणारा माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर असतो, ताशी २८ किलोमीटरच्या वेगाने. सावरायला वेळच नसतो. पण सर्वसाधारण हार्नेसची दोरी १.८ मीटर असते. तिचा झटका शोषणारा भाग ओढला जाऊन आणखी लांबतो, त्यात माणसाची उंची धरली की, दोरी पायाच्या पातळीजवळ अडकवलेली असताना, खाली जवळजवळ सहा मीटर मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्याच्या कडेला असा पट्टा बांधलेला माणूस पट्टा ताणला जाण्याआधी जमिनीवर आपटेल. तिथे उपाय एकच, मीटरभर उंचीचा घट्ट कठडा आणि लिफ्टच्या खड्ड्यावर खिळ्यांनी ठोकलेले झाकण. कठड्याला कोणाच्या सवयीची गरज लागत नाही. तो एकदा लावला की दमलेल्याचे, नवख्याचे, घाईतल्याचे सारखेच रक्षण करतो. विजेचेही तेच. पावसात ओल्या फरशीवर कटर चालवणाऱ्याला ‘सांभाळून’ सांगण्यापेक्षा जोडणीच्या मुळाशी ३० मिलिअँपियरला तुटणारा आरसीसीबी बसवणे हजारपट बरे, कारण हृदयाची लय बिघडवू शकेल इतका प्रवाह अंगातून वाहत राहण्याआधी तो वीज तोडतो.

आता आक्षेपांकडे. पहिला असा, की कामगार स्वतःच बेफिकीर असतात. हेल्मेट दिले तर ते उलटे ठेवून त्यात बसतात. हे काही अंशी खरे आहे. मे महिन्यातल्या दमट उकाड्यात दिवसभर ते डोक्यावर ठेवणे कठीण असते, आणि रोजंदारीवर असलेला माणूस वेगाने काम करून दाखवल्याशिवाय उद्या बोलावला जात नाही. पण याच निरीक्षणातून निष्कर्ष उलटा निघतो. माणसे चुकणार, कंटाळणार, घाई करणार हे आपल्याला आधीपासून माहीत असेल, तर कोणाच्याही सावधपणावर न विसंबणारे उपाय आधी करायला हवेत: टेकू, कठडा, उतरती कड, आरसीसीबी. त्यात भाषेची भर घाला. उत्तर कर्नाटकातून, ओडिशातून, झारखंडातून आलेल्या माणसाला कोकणी-मराठीत एकदाच ओरडून सांगितलेली सूचना पोचते असे धरून चालणे हा बेफिकीरपणाच आहे, आणि तो कामगाराचा नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो अधिक प्रामाणिक आहे. कर्ज काढून दोन खोल्या वाढवणाऱ्या माणसाला हॉटेलवाल्याच्या मापाने मोजू नये, हे मान्य. म्हणूनच वरचे उपाय पुन्हा पाहावेत. टेकूखाली फळी, आठवडाभर जास्त प्रॉपचे भाडे, माती काठापासून लांब टाकणे, कठड्याला चार बांबू, एक आरसीसीबी. हा आकडा आपल्याच ठेकेदाराकडून वेगळा लिहून मागावा आणि फरशीच्या बिलाशेजारी ठेवावा. अडचण बहुतेक वेळा रकमेची नसते. ही रक्कम कराराच्या दरात वेगळी दाखवलेलीच नसते, म्हणून सर्वांत कमी दर देणारा ठेकेदार ती सर्वांत आधी कापतो. जो काळजीने काम करतो तो निविदेत महाग पडून हरतो.

तिसरा आक्षेप, की कायदा आहेच. आहे, आणि तो वाचण्यासारखा आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा १९९६ मध्ये झाला. बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर, त्यातून कल्याण मंडळ, आणि वर्षात ९० दिवस काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला नोंदणीचा हक्क. पण तो लागू होत असे दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे, आणि सुरक्षा अधिकारी लागत असे ५०० कामगारांवर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या, त्यांत हा आकडा बांधकामासाठी २५० वर आला. दहाचा उंबरठा मात्र कायम आहे. पेडण्यातल्या बंगल्यावर किंवा डिचोलीतल्या चरात एका वेळी सहा-सात माणसे असतात. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपकराचा जमा पैसा कामगारांपर्यंत पोचत नसल्याबद्दल सरकारांना कडक शब्दांत सुनावले होते. तो पैसाही मुख्यतः कल्याणाच्या मदतीसाठी असतो, टेकूसाठी नाही.

ब्रिटनने १९९४ च्या नियमांनी जबाबदारीची साखळी काम देणाऱ्या मालकापासून सुरू केली. बांधकामासाठी पुरेसा वेळ आणि साधने देणे हे तिथे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि आराखडा काढणाऱ्यानेही तो सुरक्षितपणे बांधता येईल असा काढला पाहिजे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठीचा सबंध क्रीडा परिसर एकही कामगार न गमावता उभा राहिला, त्यामागे हेही होते. आपल्याकडे इतके मोठे काही करण्याआधी एक जवळची जागा आहे. गोव्यात घर बांधायचे तर नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी आणि पंचायतीचा परवाना लागतो, रचनेची जबाबदारी घेणाऱ्या अभियंत्याची सही लागते, आणि परवान्यासोबत अटींची यादी येते. त्या यादीत एका पानाचे वेळापत्रक मागता येईल: प्रत्येक स्लॅब भरण्याची तारीख, त्याचे टेकू उतरवण्याची तारीख, दीड मीटरहून खोल खणकाम कोणत्या महिन्यांत, झोपड्या कुठे. खाली अभियंत्याची आणि मालकाची सही. तेच पान फाटकावर हिंदीत, कानडीत आणि मराठी-कोकणीत लावायचे. हा आणखी एक कागद होईल, असे कोणी म्हणेल. पण निरीक्षक पाठवल्याशिवाय जे तपासता येत नाही, त्यापेक्षा हा कागद वेगळा आहे. फाटकावर १२ तारीख लिहिलेली असताना ८ तारखेला प्लेटा ट्रकवर चढताना दिसल्या, तर ते शेजाऱ्याला कळते, पंचाला कळते, आणि पहार हातात दिलेल्या बिगाऱ्यालाही काम थांबवून विचारता येते की ही तारीख कोणी बदलली.